ओव्याची धुरी

वसंता गेल्यापासून त्याच्या घरात उदबत्त्यांचा इतका धूर झाला आहे की तो असता तर उठून गच्चीत जाऊन बसला असता. समाचाराला येणारा प्रत्येक जण एक पुडा घेऊन येतो. पुड्यावर मोगरा लिहिलेला असतो आणि आतून साबणाचा वास येतो. ती काडी फोटोपुढे लावायची, हात जोडायचे, खुर्चीत बसून पंख्याकडे पाहायचं आणि ‘सुटले बिचारे’ म्हणून चहा प्यायचा. मी कोपऱ्यात बसून असते. मी त्याची थोरली बहीण. आधी माझा नंबर होता, हे येणाऱ्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं, पण बोलून दाखवत नाहीत एवढी सभ्यता अजून शिल्लक आहे. परवा अशीच गर्दी ओसरल्यावर वसंताच्या सुनेनं मला विरंगुळा म्हणून तिच्या मुलीच्या बालवाडीच्या गोष्टी सांगितल्या. तिथे म्हणे वासाचा तास असतो. मुलांचे डोळे बांधतात आणि वाट्या हुंगायला देतात. मुलीच्या खोडरबरालाही कसल्याशा परदेशी फळाचा वास आहे, जे फळ तिनं, तिच्या आईनं किंवा मी जन्मात पाहिलेलं नाही. ‘अगदी नवीन पद्धत आहे, आत्या,’ सून म्हणाली. मी म्हटलं, ‘हो का.’

ही नवीन पद्धत आमच्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या घरात मी परकर-पोलक्यात वावरत होते तेव्हाच आली होती. लोखंडी ट्रंकेत बसून, पुण्याहून आली होती. वसंताला तिच्यातलं काय आठवत होतं आणि काय आठवत नव्हतं हे मला माहीत आहे. आता ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहायला घेतलं आहे. हात कापतो, एका दिवसात अर्धं पान होतं, पण मला कुठे जायचं आहे.

आमचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं होतं. पुढची खोली, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणी, आणि सगळ्यात शेवटी मागची खोली. येण्याजाण्याची वाट एकच, पुढच्या दारातून. दोन्ही बाजूंना विणकरांची घरं होती. ते आपसात तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. पहाटे मिलचा भोंगा झाला की भिंतींच्या पलीकडे हातमाग सुरू व्हायचे आणि दिवे लागेपर्यंत आमची भांडी फळीवर बारीक थरथरत राहायची. खळ लावलेलं ओलं सूत गल्लीत वाळत असायचं, आणि त्या आंबूस खळीचा वास, आमच्या उखळातल्या शेंगाच्या चटणीचा वास आणि चुलीवर कडक होत आलेल्या भाकरीचा वास असा एकात एक मिसळून घरात फिरायचा. पाहुणे आले की म्हणायचे, काय हा आवाज, तुम्ही राहता तरी कसे. आम्ही त्या आवाजाच्या आधारानंच राहत होतो.

कारण मागच्या खोलीत आई होती. वसंता नुकता पावलं टाकू लागला तेव्हा तिला ताप राहू लागला, मग खोकला, मग दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एका डॉक्टरांना संध्याकाळी अंधार पडल्यावर आणलं. क्षय हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नाही. ‘छातीचं दुखणं’ म्हणायचे, तेही हळू. पेठेत सांगितलं होतं की आई माहेरी, जेऊरला, विश्रांतीला गेली आहे. खरं कळलं असतं तर घरमालकानं दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं असतं, आणि त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. त्यामुळे आई दाराच्या आड राहायची आणि शेजारचे माग चालू असतील तेव्हाच बोलायची, खोकायची. मागांना सुट्टी असे त्या दिवशी ती पदराचा बोळा तोंडाशी धरून पडून राहायची. तिच्या उंबऱ्यावर फिनेलचं फडकं असे. डॉक्टरांनी निलगिरीचं तेल सांगितलं होतं; ते गरम पाण्याच्या वाडग्यात घालून ती वाफ घ्यायची आणि तिच्या कपड्यांना, भिंतींना, दाराच्या लाकडालासुद्धा तो वास धरला होता. दादा एका मिलच्या हपिसात हेडक्लार्क होते. रोज संध्याकाळी नाकाला उपरणं लावून ते आत जायचे आणि लवकर बाहेर यायचे. भांडी घासायला येणाऱ्या तुळसाबाईला सगळं माहीत होतं. तिनं ते कुठे सांगितलं नाही.

आईनं वसंताला हात लावायचा नाही, जवळ घ्यायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता आणि तो तिनं आमच्यापेक्षा कडक पाळला. पण अंघोळीनंतरची धुरी तिनं सोडली नाही. धुरी तान्ह्या मुलाला देतात. तीन वर्षांच्या घोड्याला कुणी देत नाही. आमच्याकडे ती चालू राहिली, कारण बंद दारातून आईला मुलासाठी करता येण्यासारखं तेवढं एकच काम उरलं होतं. मी वसंताला न्हाऊ घालून त्या दारासमोर पाटावर बसवायची, शेगडी आणायची, आणि आतून सूचना यायच्या. राख झटक, शांते. निखारा लाल झाला का? आता ओवा, चिमूटभरच. लांब धर, नाकाशी नको. तळवे शेक. मग ती वसंताला विचारायची, ‘आता कशाचा धूर आला रे?’ तो नाक वर करून हुंगायचा. मी कधी वावडिंग टाकायची, कधी शेपा, कधी लसणाची सालं. बरोबर सांगितलं की आतून आवाज यायचा, ‘बरोबर आहे.’ चुकलं तर ‘चूक’ असं ती कधी म्हणाली नाही. ‘पुन्हा हुंग’ म्हणायची. आईचा चेहरा त्याला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. आई म्हणजे एक दार, दारातून येणारा एक आवाज, आणि निलगिरीचा वास. त्याची काही तक्रार नव्हती. मुलांना जे मिळतं ते सगळ्यांनाच तसं मिळतं असं त्यांना वाटतं.

अशात अप्पाकाका आले. हे दादांचे धाकटे भाऊ. पुण्याला शिकले, तिथेच कुठल्याशा शाळेत शिकवत होते आणि बालशिक्षण हा त्यांचा ध्यास होता, असं ते स्वतः सांगत. लग्न केलेलं नव्हतं. मूल कडेवर कसं घेतात ते त्यांना येत नव्हतं; वसंताला ते दोन्ही काखांत हात घालून, ओलं सोवळं काठीनं उचलावं तसे अंगापासून लांब धरून उचलायचे. रुमालाला लव्हेंडरचं पाणी लावायचे. आल्या दिवशी त्यांनी माजघरात उभं राहून, भिंतीला उद्देशून ‘वहिनींची प्रकृती कशी आहे?’ असं विचारलं, उत्तर यायच्या आत मान हलवली, आणि त्यानंतर दोन महिने माजघराच्या पुढे पाऊल टाकलं नाही. पिण्याच्या पाण्याचा त्यांचा वेगळा कुजा पुढच्या खोलीत असे, अंघोळीची बादलीही पुढच्या दाराबाहेर. मी त्यांच्याविषयी लिहिताना अजून अहोजाहो करते आहे. तेवढं त्यांच्या वाट्याला राहू दे.

ट्रंकेत बाटल्या होत्या. काचेच्या, एकसारख्या, काचेचंच बूच, आणि आतलं दिसू नये म्हणून प्रत्येकीला निळ्या कापडाची पिशवी शिवलेली. दालचिनी, लवंग, कापूर, गुलाबपाणी, शिरका, असे त्यांत वास होते. शिवाय खरखरीत कागद आणि मखमल चिकटवलेल्या पाट्या, आणि डोळ्यांना बांधायला काळ्या साटिनची पट्टी. वसंता गल्लीत गेला की शेजारच्या खळीच्या घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून बसायचा. अप्पाकाकांनी ते पाहून ‘शी, घाण’ म्हणून त्याला घरात ओढलं आणि दुसऱ्या दिवशी एका एनॅमलच्या ताटात गव्हाच्या पिठाची खळ करवून घेऊन त्याच्यापुढे ठेवली. हे स्पर्शशिक्षण. वसंतानं बोट लावून पाहिलं आणि ते ताट उलटं केलं. सुपात शेंगदाणे पाखडताना उडणारी लाल सालं तो तोंडावर झेलायचा, तेही बंद झालं, कारण त्याला काही क्रम नव्हता. क्रम पाहिजे, अप्पाकाका म्हणायचे. इंद्रियांना वळण पाहिजे. तुळसाबाई एकदा भांडी विसळता विसळता मला म्हणाली, ‘शिकल्यालं लई हाय की, पर नाक न्हाय त्येला.’ मला तेव्हा फक्त हसू आलं.

आणि धुरी बंद झाली. धूर म्हणजे रानटीपणा, त्यानं मुलाचं घ्राणेंद्रिय बोथट होतं, हे त्यांनी दादांना जेवताना सांगितलं. दादा हपिसात साहेबापुढे मान हलवत, घरी धाकट्या भावापुढे. त्यांनी मला सांगितलं, उद्यापासून शेगडी नको. सकाळी आईनं आतून विचारलं, ‘न्हाला का तो?’ मी म्हटलं, हो, पण काका धुरी नको म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. असं काही दिवस विचारलं आणि मग विचारणं सोडलं. वसंता मात्र न्हाऊन झाल्यावर त्या दारासमोर जाऊन बसायचा आणि मी त्याला उचलून पुढच्या खोलीत बाटल्यांकडे न्यायची. एखादं करडू शेळीच्या आचळांपासून ओढून न्यावं तसा तो पाय ताणायचा.

अप्पाकाकांना सोलापुरात शिशुवर्ग काढायचा होता आणि त्यासाठी जागा हवी होती. जागा देऊ शकतील अशा तीन गृहस्थांना त्यांनी प्रयोग पाहायला बोलावलं: एक वकील, एक सेवानिवृत्त हेडमास्तर आणि एक म्युनिसिपालटीतले. शांतता हवी म्हणून मुद्दाम मागांच्या सुट्टीचा दिवस निवडला. ज्या घरातली बाई फक्त माग चालू असताना श्वास मोकळा सोडू शकते, त्या घरात राहून त्यांनी हा दिवस निवडला. दादांनी ‘त्या दिवशी जरा…’ असं काहीतरी म्हणून पाहिलं आणि पुढचं गिळलं. आदल्या संध्याकाळी शिरक्याची बाटली अप्पाकाकांच्या हातून फुटली. एक वास कमी पडू लागला. दादांच्या टेबलावर केमिस्टकडून आणलेली नवी बाटली होती, अजून कागदात गुंडाळलेली. ती त्यांनी उघडून हुंगली, ‘निलगिरी, उत्तम,’ म्हणाले आणि निळ्या पिशवीच्या एका रिकाम्या बाटलीत ओतली. दुसरा कुणी माणूस असता तर त्याला तो वास ओळखीचा वाटला असता. घरभर होता तो. पण वास जिथून येत होता त्या बाजूला ते कधी फिरकलेच नव्हते, आणि नाकावर लव्हेंडर होतं.

गृहस्थ आले, चिवडा खाल्ला, मिशा पुसल्या. वसंताला मखमली टोपी घातली होती. पट्टी बांधल्यावर तो शहाण्यासारखा मांडी घालून बसला. पहिली बाटली त्याच्या नाकाशी धरली. ‘लवंग,’ तो म्हणाला. वकिलांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. दुसरी. ‘कापूर.’ म्युनिसिपालटीतल्या गृहस्थांनी टाळी वाजवायला हात उचलले. अप्पाकाका एखाद्या जादूगारासारखे अर्धे वळून त्यांच्याकडे पाहत होते आणि सांगत होते की मूल जन्मतः कोरं असतं, त्याच्यावर काय लिहायचं ते आपल्या हाती असतं. सांगता सांगताच त्यांनी तिसरी बाटली धरली.

वसंता उठला. पट्टी तशीच होती. दोन्ही हात पुढे धरून, भिंतीला एक हात लावून तो माजघरात गेला, तिथून स्वयंपाकघरात, एकदाही न अडखळता. आणि ते तिन्ही गृहस्थ त्याच्यामागून निघाले. त्यांना वाटलं हा प्रयोगाचाच भाग. ‘वा, दिशाज्ञानसुद्धा,’ असं हेडमास्तर म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. अप्पाकाकांना मागून यावंच लागलं. त्या घरात ते पहिल्यांदा चुलीपर्यंत आले. वसंता मागच्या दारासमोर जाऊन मांडी घालून बसला, जसा धुरीला बसायचा, आणि नाक वर करून म्हणाला, ‘आई.’

आतून काहीच आवाज आला नाही. माग बंद होते, गल्लीतलं कुत्रं खाजवत होतं तेसुद्धा ऐकू येत होतं. अप्पाकाका हसले. मुलाची आई जेऊरला आहे, आठवण येते, ते म्हणाले, साहचर्यानं अशा चुका होतात, त्या तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या असतात. मग खाली वाकून त्यांनी वसंताच्या खांद्याला धरलं. ‘चूक. आई नाही. निलगिरी. म्हण, निलगिरी.’ वसंतानं मान हलवली आणि पुन्हा ‘आई’ म्हणाला. त्यांनी बाटली पुन्हा त्याच्या नाकाखाली धरली, इतकी की तेल ओठाला लागलं. ‘निलगिरी म्हण.’ त्याचा ओठ चुरचुरला असणार. तो हुंदका देत, तुकड्या-तुकड्यांनी ‘नि-ल-गिरी’ म्हणाला. अप्पाकाका ताठ उभे राहिले.

तेव्हा दारामागून आईचा आवाज आला. सकाळपासून कोंडून धरलेला, पण अगदी सावकाश. ‘भावजी, बरोबर आहे त्याचं.’

आणि त्यानंतर तो खोकला, दिवसभर दाबलेला, एकदम सुटला. दार थरथरलं. जे गृहस्थ मुलाच्या नाकाचं कौतुक करायला आले होते त्यांनी आपापल्या नाकांना रुमाल लावले आणि ज्या क्रमानं आले होते तो क्रम सोडून बाहेर पडले. हेडमास्तर छत्री विसरले. ती न्यायला ते कधी आले नाहीत, माणूसही पाठवला नाही. ती छत्री पुढे कित्येक पावसाळे आमच्या खुंटीला होती आणि तिला कुणी हात लावला नाही.

आई गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं, असं अप्पाकाका त्या संध्याकाळी दादांना म्हणाले. ‘वहिनींनी जरा धीर धरायला हवा होता.’ हे ते पुढच्या खोलीतून म्हणाले. दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन ते पुण्याला गेले. मी या वाक्याचा साठ-पासष्ट वर्षं विचार केला आहे आणि त्यात मला आदर करण्यासारखं काही सापडलेलं नाही. आईला ठाऊक होतं ती काय करते आहे ते. एक शब्द बोलली तर ते घर जाणार, तिला तिथून जावं लागणार, दाराची ती एवढीशी फटसुद्धा जाणार. तरी मुलाला चूक म्हटलेलं तिनं चालू दिलं नाही.

घरमालकाचा निरोप आला. दादांनी मिरजेच्या दवाखान्यात व्यवस्था केली. कुर्डुवाडीला गाडी बदलून जायचं. ती तिथून परत आली नाही.

वसंताला यातलं काही आठवत नव्हतं. मोठेपणी त्यानं अप्पाकाकांचा फोटो हौसेनं मोठा करून भिंतीवर लावला. लहानपणी आपल्याशी खेळणारं घरात एकच माणूस होतं असं तो त्याच्या मुलांना सांगायचा, आणि निळ्या पिशव्यांतल्या बाटल्यांचं वर्णन करायचा. मी ऐकून घ्यायची. पुढे शिशुवर्ग काढून अप्पाकाका नावारूपाला आले, त्यांच्या सत्काराला वसंता पुण्याला जाऊन आला. फक्त एक सवय त्याला होती, खिशातल्या रुमालाला निलगिरीचा थेंब लावायची, सर्दी असो नसो. सुनेनं विचारलं तर म्हणायचा, नाक मोकळं राहतं. आता त्याच फोटोशेजारी त्याचा फोटो लागला आहे, आणि त्यापुढे मोगऱ्याच्या नावाचा साबण जळतो आहे.

आई निघाली त्या सकाळी टांगा दारात उभा होता. माग चालू होते. मी वसंताला न्हाऊ घालत होते तेवढ्यात आतून हाक आली. ‘शांते, आज धुरी दे त्याला.’

मी शेगडी आणली. तो खूश होऊन आपला आपण पाटावर बसला.

‘ओवा मूठभर टाक,’ आई म्हणाली.

चिमूटभरच टाकायचा असतो हे तिनंच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, ‘मूठभर? डोळे चुरचुरतील त्याचे.’

‘चुरचुरू दे. लसणाची सालं टाक. ऊद असेल तर तोही टाक. आणि त्याचं तोंड चुलीकडे करून बसव.’

मी टाकलं. असा धूर झाला की मला फळीवरची भांडी दिसेनात. वसंता दोन्ही मुठींनी तो पकडत होता, खोकत होता, हसत होता. त्या धुरात मागच्या दाराची कडी वाजली. आई बाहेर आली, पदर तोंडावर आवळून, भिंतीला धरून, आमच्या पाठीमागून गेली. इतक्या जवळून की तिच्या लुगड्याचा काठ शेगडीला लागेल म्हणून मी शेगडी ओढून घेतली. मी नाक वर केलं. ओवा, लसूण आणि ऊद, यांच्याशिवाय मला कसलाही वास आला नाही. ती माजघर ओलांडून गेली आणि टांग्याची पायरी करकरली.

वसंतानं मान वळवून त्या दाराकडे पाहिलं. ते उघडं होतं, पण धुरात त्याला ते दिसलं नाही. ‘आई, ओवा ना?’ त्यानं विचारलं. थोडा वेळ थांबून पुन्हा विचारलं, ‘आई, ओवा ना गं?’

मी म्हटलं, ‘बरोबर आहे.’